त्याच जागी पुन्हा पुन्हा तुंबणारी ड्रेनेज लाइन: कॅमेरा कधी टाकायचा आणि पडद्यावर काय बघायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. तळमजल्यावरच्या बाथरूममध्ये नहाणीच्या जाळीतून काळं पाणी वर येतं. सोसायटीच्या नेहमीच्या प्लंबरला फोन जातो. तो चेंबरचं झाकण उघडतो, स्प्रिंग मारतो, म्हणजे लांब लवचिक तार पाइपात फिरवतो, काहीतरी सुटतं आणि पाणी घळघळ उतरतं. पैसे दिले, झाकण बसलं, विषय संपला. मग दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच, आणि तेही त्याच दोन चेंबरच्या मधे.

नाशिकमध्ये इंदिरानगर असो, सिडको असो, नाशिकरोड असो की गंगापूर रोडच्या आतल्या कॉलन्या, जुन्या अपार्टमेंट आणि रो-हाउसमध्ये हे सर्रास चालतं. लोक त्याला 'चोकअप' म्हणतात आणि दोष कुणाच्या तरी घरच्या कापडाला, नाहीतर डायपरला देऊन मोकळे होतात. एखाद्या वेळी तुंबलं तर ते खरंही असेल. पण त्याच जागी परत परत तुंबत असेल तर त्या जागी पाइपातच काहीतरी बिघडलेलं आहे. सांधा सरकलाय, पाइपाला झोळ आलाय, मुळं शिरली आहेत, नाहीतर उतारच उलटा आहे. स्प्रिंग तिथला मैला काढते, पण जागा आहे तशीच राहते. तेव्हा एकाच टप्प्यात दुसऱ्यांदा तुंबलं की तिसऱ्यांदा स्प्रिंग मारण्याआधी लाइन कॅमेऱ्याने बघून घ्यावी असं माझं मत आहे.

मात्र तयारी न करता कॅमेरा बोलावला तर हाती काय लागतं, तर तपकिरी पाण्याचा लांबलचक व्हिडिओ. त्यामुळे आधी थोडं घरचं काम.

आधी झाकणं उघडा

सगळ्या चेंबरची झाकणं एकाच वेळी उघडायची, आणि तीही पाणी तुंबलेलं असताना. स्प्रिंग मारून झाल्यावर उघडली तर पुरावा गेला. सुरुवात रस्त्याकडच्या शेवटच्या चेंबरपासून करून आत यायचं. एक चेंबर काठोकाठ भरलेलं आणि पुढचं कोरडं असेल तर अडथळा त्या दोघांच्या मधे. आतली सगळी भरलेली आणि शेवटचंही भरलेलं असेल तर बाहेर रस्त्यावरच्या मॅनहोलकडे बघा. तेही भरलेलं असेल तर तुमच्या आवारात कॅमेरा घालून उपयोग नाही, महापालिकेकडे तक्रार नोंदवा. आणि सगळी चेंबर रिकामी असून फक्त एका फ्लॅटचं सिंक उतरत नसेल, तर तो वरच्या पाइपाचा किंवा ट्रॅपचा, म्हणजे सिंकखालच्या पाणी धरणाऱ्या वळणाचा, मामला आहे. त्यालाही जमिनीखालचा कॅमेरा लागत नाही.

नकाशा नसतोच. बिल्डरने दिलेला असला तरी तो जागेवरच्या लाइनशी जुळेलच असं नाही. म्हणून एका कागदावर स्वतःच काढा. चेंबरना १, २, ३ असे नंबर द्या, मधली अंतरं टेपने मोजा, आणि कुठल्या विंगचं पाणी कुठल्या चेंबरला येतं ते लिहा. कुठलं पाणी कुठे जातं हे कळत नसेल तर वरच्या संडासात रंग टाकून फ्लश करा आणि खाली कुठे रंग दिसतो ते बघा. पेव्हर ब्लॉक बसवताना एखादं चेंबर खाली गाडलं गेलं असण्याची शक्यता नाशिकमध्ये फार मोठी. नंबर ३ ते ४ मधलं अंतर संशयास्पद लांब वाटलं तर मधे एक गाडलेलं चेंबर आहे असं धरून चाला.

दुसरं, तुंबण्याची वेळ लिहून ठेवा. रोज सकाळी सात ते नऊच पाणी चढतं आणि दुपारी आपोआप उतरतं, याचा अर्थ पाइप पूर्ण बंद नाही, त्याचं तोंड अर्धं झालंय. कुणाच्या तरी फ्लॅटचं टाइल्सचं काम झाल्यावर सुरू झालं असेल तर सिमेंटचा संशय. फक्त जुलै-ऑगस्टमध्येच होत असेल तर वेगळाच प्रकार, त्याबद्दल पुढे.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. स्प्रिंगच्या टोकाला काय आलं ते बघा. प्लंबर ते झटकून गटारात टाकतो आणि आपण नाकाला रुमाल लावून लांब उभे असतो. केसांसारख्या बारीक तांबूस मुळ्या आल्या तर झाड. पांढरट, साबणासारखा चिकट गोळा आला तर स्वयंपाकघराचं तेल. राखाडी, खरखरीत खडा आला तर सिमेंट. आणि मुरूम किंवा काळी माती आली तर सरळ समजा की पाइप फुटलाय, कारण घरातून कुणी मुरूम फ्लश करत नाही. मोबाइलवर फोटो काढून तारखेसह ठेवा. कॅमेरावाल्याला हा फोटो दाखवला की तो काय शोधायचं ते ठरवून येतो.

एक बजावून सांगतो. चेंबर किंवा मॅनहोलमध्ये माणूस उतरवायचा नाही. 'दोन मिनिटांचं काम आहे' असं म्हणून कुणी स्वतःहून उतरायला तयार असला तरी नाही. गटारात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं उतरतात आणि वर येत नाहीत. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे, आणि तो उतरवणाऱ्यावर येतो, म्हणजे सोसायटीवरही. झाकण उघडून थोडा वेळ हवा लागू द्या, वर सिगारेट-काडी पेटवू नका, आणि मुलांना लांब ठेवा. कॅमेऱ्याचा मोठा फायदा हाच की जे काही बघायचं ते वरून बघता येतं.

कॅमेरा म्हणजे नेमकं काय येतं

आपल्याकडच्या चार ते आठ इंची लाइनसाठी येतो तो ढकलायचा कॅमेरा. एका रिळावर फायबरची कडक पण लवचिक केबल असते, तिच्या टोकाला अंगठ्याएवढं किंवा थोडं मोठं डोकं, त्यात लेन्स आणि भोवती एलईडी. रिळाजवळ पडदा आणि मीटरचा काउंटर. केबल किती आत गेली ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहतं. चांगल्या डोक्यात चित्र आपोआप सरळ राहण्याची सोय असते, म्हणजे डोकं आत कितीही फिरलं तरी पाइपाचा तळ पडद्यावर खालीच दिसतो. ही सोय आहे का ते आधी विचारा. ती नसेल तर मुळं वरून आलीत की खालून हे सांगता येत नाही.

डोक्याजवळ सिग्नल सोडणारा एक छोटा ट्रान्समीटर असतो, बहुधा ५१२ हर्ट्झचा. वर जमिनीवर एक माणूस लोकेटर घेऊन फिरतो आणि डोकं जिथे आहे त्या जागेवर उभा राहून खडूने फुली मारतो, खोलीही सांगतो. या फुलीसाठीच खरे पैसे द्यायचे असतात. नुसता व्हिडिओ बघून 'साधारण पार्किंगच्या मधे कुठेतरी' असं उत्तर आलं तर पेव्हर ब्लॉक उखडत बसावं लागतं. चाकांवर चालणारे कॅमेरे रस्त्याखालच्या मोठ्या लाइनसाठी असतात, सोसायटीच्या कामाला ते लागत नाहीत.

पाइप पाण्याने भरलेला असेल तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. म्हणून आधी जेटिंग, म्हणजे जोराच्या दाबाचं पाणी मारून लाइन धुणं. पण इथे एक क्रम पाळा. खालच्या, म्हणजे रिकाम्या चेंबरमधून आधी एकदा कॅमेरा वरच्या दिशेने घाला आणि अडथळा आहे तसा बघा. मग जेटिंग करा. मग पुन्हा कॅमेरा, या वेळी वरून खाली. पहिल्या फेरीत काय अडकलं ते दिसतं, दुसऱ्या फेरीत ते कशाला अडकलं ते दिसतं. बरेच जण पहिली फेरी गाळतात. तेवढा वेळ वाचतो खरा, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'अडकलं काय होतं' यावर तासभर भांडण होतं.

कॅमेऱ्याने न बघता थेट कटर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला फिरणारं पातं, लावायला मी सहसा नको म्हणतो, आणि त्याचं एक गंभीर कारण आहे. हल्ली रस्त्याच्या कडेने केबल आणि गॅसच्या लाइन न खोदता आडवं ड्रिल करून टाकतात. ते ड्रिल कधी कधी जुन्या ड्रेनेजच्या पाइपातून आरपार जातं. तिथे कचरा साठतो, लाइन तुंबते, आणि प्लंबर 'मूळ दिसतंय' म्हणून कटर फिरवतो. कॅमेऱ्यात पाइपाच्या मधून आडवा जाणारा पिवळा, केशरी किंवा काळा गुळगुळीत पाइप दिसला तर तिथेच काम थांबवा, कशालाही हात लावू नका, आणि ज्यांची लाइन आहे त्यांना आणि महापालिकेला कळवा.

कॅमेरा चालू असताना तासभर वरच्या फ्लॅटचं पाणी बंद ठेवायला सांगा. लिफ्टमध्ये आदल्या दिवशी कागद लावला तरी कुणीतरी वॉशिंग मशीन लावतंच, तेव्हा वॉचमनला घरोघर पाठवलेलं बरं. काउंटर चेंबरच्या भिंतीशी शून्य करा. चेंबरच्या मधोमध नव्हे, पाइपाच्या तोंडाशी. आणि ऑपरेटरने तोंडाने बोलावं: 'तीन नंबरवरून चारकडे, तारीख अमुक'. हे व्हिडिओत रेकॉर्ड झालं पाहिजे. दोषाची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगतात, बारा म्हणजे छत, सहा म्हणजे तळ. 'साडेअकरा मीटरला, दोनच्या जागी मूळ' इतकं नेमकं लिहून घेतलं की पुढच्या माणसाला परत विचारावं लागत नाही.

पडद्यावर काय दिसतं

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो झोळाच्या बाबतीत. जमीन खचली की पाइपाचा मधला भाग खाली बसतो आणि तिथे पाणी साचून राहतं. कॅमेरा चालत असतो, तळाशी पाण्याची बारीक धार असते, मग धार रुंद होते, पाण्याची कड दोन्ही बाजूंनी वर चढत येते आणि लेन्स पाण्याखाली जाते. पडदा गढूळ होतो, प्रकाशात कण तरंगताना दिसतात. काही मीटरने लेन्स परत बाहेर येते आणि पाइप पुन्हा कोरडा. ऑपरेटर घाईत असला तर 'पाणी आहे, पुढे जाऊ' म्हणून केबल ढकलतो. तिथे त्याला थांबवा. लेन्स पाण्यात कुठल्या मीटरला गेली आणि कुठल्या मीटरला बाहेर आली, हे दोन आकडे म्हणजे तुमच्या झोळाची लांबी. पाणी किती खोल आहे याचा अंदाजही येतो. पाइपाच्या गोलाचा अर्धा भाग बुडालेला असेल तर तिथे वाहायला अर्धाच पाइप उरला, आणि जड मैला तिथेच बसणार.

पण साचलेलं पाणी दिसलं म्हणजे झोळच, असंही नाही. खाली कुठे तुंबलेलं असेल तर वर चांगल्या पाइपातही पाणी उभं राहतं. फरक ओळखायचा तर आधी खालचा टप्पा मोकळा असल्याची खात्री करा, मग अर्धा तास थांबा. पाणी हळूहळू उतरत गेलं तर तो खालच्या अडथळ्याचा परिणाम. पाणी तसंच राहिलं, त्याची सुरुवात आणि शेवट ठरलेल्या जागी असला, तर झोळ. शेवटी वरून रंगीत पाण्याची एक बादली सोडा. झोळात रंग रेंगाळतो, बराच वेळ निघत नाही.

आणि हे लक्षात ठेवा: ढकलायचा कॅमेरा उतार मोजत नाही. पाइप पडद्यावर छान सरळ दिसतो आणि प्रत्यक्षात सपाट पडलेला असतो. जुना ठोकताळा असा की चार इंची पाइपाला ४० ला १ आणि सहा इंचीला ६० ला १ उतार. म्हणजे सहा इंची लाइन ३० मीटर लांब असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तळ ५० सेंटिमीटर खाली जायला हवा. हे तपासायला गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब पुरते. दोन्ही चेंबरमध्ये पाइपाच्या तळाची खोली एकाच लेव्हलवरून मोजा आणि वजाबाकी करा. ३० मीटरला १०-१५ सेंटिमीटरच फरक आला तर ती लाइन जन्मापासूनच आजारी आहे, कॅमेऱ्यात काही सापडलं नाही तरी.

असं का होतं? नाशिकची जमीन हे मोठं कारण. वर काळी माती किंवा मुरूम, खाली बेसाल्टचा खडक, आणि खडक कुठे किती खोलीवर लागेल याचा नेम नाही. चर खणताना मधेच काळा पाषाण लागला की तो फोडायला वेळ आणि पैसे जातात. मग पाइप त्या जागी खडकावरून नेला जातो आणि पुढे परत खाली घेतला जातो. कॅमेऱ्यात ते उलट्या उतारासारखं दिसतं: आधी साचलेलं पाणी, मग अचानक कोरडा उंचवटा. दुसरी गोष्ट, अर्धा पाइप खडकावर आणि अर्धा भरावाच्या मातीवर असेल तर माती बसते, खडक बसत नाही, आणि पाइप नेमका त्या सीमेवर तुटतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, तेव्हा सांधे वर्षानुवर्षं हलत राहतात ते वेगळंच.

सरकलेला सांधा ओळखायला सोपा. गोल पाइपाच्या तोंडाशी पुढच्या पाइपाची चंद्रकोरीसारखी कड दिसते. ती कड तळाशी असेल आणि प्रवाहाच्या समोर असेल तर तिच्यावर सगळं अडकतं. एका सोसायटीत दर वेळी स्प्रिंगला कापडाचा तुकडा यायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाच्या घरावर सगळ्यांचा डोळा, लिफ्टमध्ये त्यांच्या नावाने नोटीससुद्धा लागली होती. कॅमेरा टाकला तेव्हा चेअरमन काका पडद्यावर वाकून बघत होते. चंद्रकोर दिसली, तिच्यावर चिंध्या, दोऱ्या, एक दाताचा ब्रश आणि भाजीच्या दुकानातल्या पिशवीचा तुकडा. ऑपरेटर म्हणाला, "काका, ब्रश काय बाळाचाय?" वर फुली मारली तर ती नेमकी तिथे आली जिथे पाण्याचा टँकर रोज मागे घेतात. लाइन उथळ होती, वर साधे पेव्हर ब्लॉक, आणि भरलेल्या टँकरची मागची चाकं त्याच सांध्यावर. कापड फ्लश करू नये हे खरंच, पण पुढचा सगळा खर्च त्या चाकांखाली होता.

मुळांचं बघा. जुनी लाइन बहुधा चिनी मातीच्या पाइपांची, म्हणजे स्टोनवेअरची. एक पाइप साधारण दोन फुटांचा. ३० मीटरच्या लाइनमध्ये जवळपास पन्नास सांधे, आणि प्रत्येक सांधा सिमेंट-वाळूने भरलेला. त्याला केसाएवढी चीर पडली की ओलाव्याच्या ओढीने मूळ आत येतं. पडद्यावर ते सांध्यातून गंगावनासारखं लोंबताना दिसतं, खाली टोकाला मैला चिकटलेला. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं यात आघाडीवर. पाच वडांवरून नाव पडलेल्या पंचवटीच्या गावात वडाला नावं ठेवणं बरं दिसत नाही, पण पाइपाशेजारी उंबर आपोआप उगवला तर तो लहान असतानाच काढावा. मोठं झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. आणि खरं सांगायचं तर झाड तोडण्याने सांधा बुजत नाही. कटरने मुळं कापली की काही महिने बरे जातात, मग ती परत येतात. सांध्याचा तो तुकडा बदलणं हाच उपाय. कापणी ही फक्त पावसाळा निभावण्यापुरती.

सिमेंट म्हणजे तळाशी बसलेला राखाडी, गुळगुळीत थर, पाच ते सातच्या मधे. फ्लॅटच्या कामात मिस्त्री घमेली आणि टाइल्सची पांढरी स्लरी बाथरूममध्येच धुतात, त्याचा हा प्रताप. जेटिंगच्या पाण्याने तो निघत नाही. साखळीचा कटर चालवला तर निघतो, पण जुन्या स्टोनवेअरमध्ये पाइपही फुटू शकतो. तेल मात्र जेटिंगने जातं. ते पाइपाच्या बाजूंना पाण्याच्या रेषेवर पांढरट-पिवळं चढलेलं दिसतं. खाली मिसळीचं हॉटेल असेल तर तर्रीचं तेल कुठे जातं हे सांगायला नको. तिथे ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवून धरणारी टाकी, बसवा आणि तो नियमित साफ होतो का बघा. गरम पाणी ओतून तेल फक्त पुढच्या चेंबरपर्यंत जातं आणि तिथे गोठतं.

पावसाळ्यातच होत असेल तर

गच्चीचा पावसाळी पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला नाही ना ते आधी बघा. कॅमेऱ्याची गरज नाही, गच्चीवर एक बादली रंगीत पाणी ओता. जोडलेला असेल तर तो तोडून बाहेर पावसाळी गटाराला द्या. सहा इंची लाइन संडास-बाथरूमचं पाणी वाहायला असते, गच्चीचा पाऊस झेलायला नाही.

तसं नसेल तर सांध्यातून जमिनीतलं पाणी आत येत असेल. हे बघायला कॅमेरा पावसाळ्यातच, पाऊस थोडा उघडल्यावर टाकावा. घरचं पाणी बंद असतानाही दोनच्या किंवा दहाच्या जागेवरून स्वच्छ पाणी झिरपताना दिसतं. मे महिन्यात तोच सांधा कोरडा ठणठणीत, काही सापडत नाही, आणि ऑपरेटर 'लाइन क्लिअर' लिहून जातो.

गोदाकाठच्या सखल भागाचं गणित निराळं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी चढायला लागलं, की नदीलगतच्या लाइनमध्येही पाणी फुगतं आणि ते घरात उलटं येतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी काठावर काढले त्यांना हे माहीत आहे. त्याला कॅमेरा हे उत्तर नव्हे. शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि पूर ओसरल्यावर त्यात अडकलेला गाळ काढावा लागतो.

दोष सापडला, आता दुरुस्ती

ऑपरेटरकडून मूळ व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घ्या, त्यावर मीटर दिसला पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेला दहा सेकंदांचा तुकडा पुरत नाही. जमिनीवरच्या फुलीचा फोटो घ्या, भिंतीपासून दोन मापं लिहून ठेवा, कारण खडू पहिल्या पावसात जातो.

एखाददुसरा सांधा सरकला असेल किंवा पाइपाला तडा असेल तर न खोदता आतून राळेचं अस्तर बसवायचा उपाय मिळतो. महाग असतो, पण वर नवा काँक्रीट रस्ता किंवा पार्किंग असेल तर विचार करण्यासारखा. झोळाला मात्र अस्तर चालत नाही. अस्तर पाइपाच्या आकाराप्रमाणेच बसतं, झोळ होता तिथेच राहतो. कुणी झोळासाठी अस्तर विकत असेल तर त्याला नमस्कार करा.

खोदायचं असेल तर जमिनीखाली घालायचा जाड पाइप घ्या, आयएस १५३२८ या भारतीय मानकाचा, विटकरी रंगाचा. भिंतीवर लागतो तो करडा एसडब्ल्यूआर पाइप मातीखाली दबतो. खाली वाळूचा थर द्या, खडक लागला तर तो थोडा जास्त खोल फोडून वर वाळू भरा. जुना स्टोनवेअर आणि नवा पीव्हीसी यांची बाहेरची मापं जुळत नाहीत. तिथे सिमेंटचा गोळा थापून जोड करू देऊ नका. जोडाच्या जागी छोटं चेंबर बांधलं की पुढे कॅमेरा घालायलाही सोय होते. वाहनं जाणार असतील तर पाइपाभोवती काँक्रीट घाला.

दोष आवाराबाहेर, रस्त्यातल्या तुकड्यात निघाला तर स्वतः रस्ता फोडू नका, खोदकामाला महापालिकेची परवानगी लागते. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या कुठला रस्ता कधी फुटेल आणि कधी परत काँक्रीट होईल याचा नेम नाही. तुमच्या समोरचा रस्ता त्या यादीत असेल तर काँक्रीट पडायच्या आत कॅमेरा टाकून अर्ज द्या. अर्जात चेंबर नंबर, मीटर, फुलीचा फोटो आणि व्हिडिओ असला की 'बघून सांगतो' एवढ्यावर अधिकाऱ्याला तुम्हाला परत पाठवता येत नाही.

काम झाल्यावर चर बुजवायच्या आधी दोन जुन्या तपासण्या करून घ्या. एका चेंबरमध्ये विजेरी आणि दुसऱ्यात आरसा धरून बघा, प्रकाशाचा पूर्ण गोल दिसायला हवा. वरून किंवा बाजूने कापलेला दिसला तर पाइप वाकलाय. मग वरच्या टोकातून एक गुळगुळीत गोळा सोडा, पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटर कमी व्यासाचा. सांध्यात मसाला आत आलेला नसेल तर तो घरंगळत खालच्या चेंबरमध्ये येतो. आला नाही तर ठेकेदाराला माती टाकू देऊ नका.